उस्मानी तलवार ओळखायची कशी? पातं एका मुलखाचं, मूठ दुसऱ्याची, आणि नाव भलत्याचंच

इस्तंबूलच्या लष्करी संग्रहालयात काही तलवारी अशा आहेत की पाहणारा पहिल्या नजरेतच गोंधळतो. पातं सरळ आणि दुधारी, मूठ क्रुसासारखी. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या युरोपीय सरदाराच्या कमरेला शोभेल अशी ही घडण. पात्यावर मात्र अरबी लेख आहे, आणि त्यात ही तलवार अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागाराला दिल्याची नोंद आहे. काहींवर आणखी एक छोटा ठसा दिसतो. तो इस्तंबूलच्या उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, शस्त्रागाराचा.

या तलवारी युरोपात घडल्या. तिथून भेट, खंडणी किंवा लूट म्हणून इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे गेल्या. १५१७ मध्ये उस्मानी सुलतान पहिला सेलिम याने कैरो घेतलं आणि तिथली शस्त्रं इस्तंबूलला हलली. आता विचारा, ही तलवार कुठली? युरोपीय म्हटलं तरी खरं, मामलुक म्हटलं तरी खरं आणि उस्मानी म्हटलं तरीही खरं.

जुनी उस्मानी तलवार हातात आली की बहुतेक लोक दोन प्रश्न विचारतात: कुठली आणि कोणी बनवली? दोन्ही प्रश्न तलवार ही एकच वस्तू आहे असं धरून चालतात. तसं क्वचितच असतं. पातं, मूठ, म्यान, त्यावरची चांदी, पात्यावरचा सोनेरी मजकूर, यातल्या प्रत्येकाचा गाव आणि काळ वेगळा असू शकतो. चांगलं पातं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मूठ झिजते, फुटते किंवा नव्या मालकाला आवडत नाही म्हणून बदलली जाते. आपल्याकडची फिरंग याच जातीची: पातं युरोपातून आलेलं, मूठ इथली. त्यामुळे जाणकार माणूस तलवारीचे भाग मनातल्या मनात सुटे करतो आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारतो.

सुरुवात पात्याच्या आकारापासून करू, कारण तो सहसा खोटं बोलत नाही.

उस्मानी वक्र तलवारीला तुर्कीत किलिच म्हणतात. पंधराव्या-सोळाव्या शतकातला किलिच लांब असतो. मुठीपासून बराच भाग जवळजवळ सरळ जातो आणि मग वाक घेतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पातं रुंद होतं आणि तिथे त्याची पाठही धारदार असते. या रुंद भागाला यल्मान म्हणतात. वजन पुढे गेल्यामुळे घाव खोल बसतो, आणि दोन्ही कडा धारदार असल्यामुळे भोसकताही येतं. पाठीवरून बोट फिरवत गेलं की यल्मान सुरू होतो तिथे अनेकदा एक पायरी स्पष्ट लागते. (बोट फिरवताना जपून. दोनशे वर्षांची धारही कापते.)

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पातं आखूड, रुंद आणि बरंच वाकडं होतं. त्याची पाठ आडव्या छेदात इंग्रजी टी अक्षरासारखी दिसते, म्हणजे वर जाड पट्टी आणि खाली पातळ पातं. यामुळे वजन न वाढवता पात्याला ताठपणा येतो. या जातीला पाला म्हणतात. बाजारात ‘उस्मानी तलवार’ म्हणून येणाऱ्या मालात हीच बरीच दिसते.

इराणी शमशेर वेगळी. ती अरुंद, टोकाकडे निमुळती होत जाणारी आणि यल्मान नसलेली. आता अडचण अशी की उस्मानी सरदारांना इराणी पाती फार आवडत. सुलतान आणि शहा एकमेकांशी लढत असतानाही पाती सीमा ओलांडून येतच होती आणि इस्तंबूलचे कारागीर त्यांना उस्मानी मूठ बसवत होते. उलट बाजूने, यल्मान दिसला म्हणून तलवार उस्मानीच ठरत नाही. हंगेरी आणि पोलंडच्या तलवारींनाही तो असतो, हिंदुस्थानातल्या काही तलवारींनाही असतो. पोलंडच्या सरदारांना तर उस्मानी थाटाचं इतकं वेड होतं की ल्वूव्ह शहरातले आर्मेनियन कारागीर त्यांच्यासाठी त्याच धाटणीच्या तलवारी बनवत. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. तिथला माल आणि इस्तंबूलचा माल वेगळा काढताना तज्ज्ञांचीही दमछाक होते.

तिसरा प्रकार यातागान. हा आखूड, पुढच्या बाजूला झुकलेला आणि आतल्या कडेला धार असलेला. मुठीला आडवी पट्टी नसते, पण टोकाला दोन मोठे ‘कान’ असतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बाल्कन आणि पश्चिम अनातोलियात तो हजारोंनी बनला. कोणी बनवली या प्रश्नाचं उत्तर मिळण्याची सर्वांत जास्त आशा यातागानमध्येच असते, कारण त्याच्या पात्यावर चांदीच्या तारेने कारागिराचं नाव, मालकाचं नाव आणि साल लिहिण्याची पद्धत होती. बोस्नियातलं फोचा आणि सारायेव्हो ही त्यासाठी नावाजलेली गावं.

आकारानंतर पोलाद. पात्यावर लाटांसारखी किंवा वाहत्या पाण्यासारखी नक्षी दिसली की लोक ‘दमास्कस’ म्हणून मोकळे होतात. तेवढ्यावरून दमास्कस शहराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ही नक्षी दोन अगदी वेगळ्या रीतींनी येते. पहिली रीत मुशीतल्या पोलादाची. लोखंड आणि कार्बन देणारे पदार्थ बंद मुशीत घालून वितळवायचे, सावकाश थंड होऊ द्यायचे आणि मग बेताच्या उष्णतेवर ठोकायचे. धातूच्या आत कार्बनयुक्त कणांच्या रांगा तयार होतात आणि पात्याला आम्ल लावलं की त्या नक्षी होऊन दिसतात. हे पोलाद दक्षिण हिंदुस्थान आणि श्रीलंकेतून पश्चिमेकडे जात असे. तेलंगणातलं कोनसमुद्रम गाव त्यासाठी प्रसिद्ध होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूगर्भतज्ज्ञाने तिथे पोलाद विकत घ्यायला आलेले इराणी व्यापारी पाहिले होते. म्हणजे एखाद्या पाशाच्या कमरेची ‘दमास्कस’ तलवार इराणात घडलेली आणि तिचं पोलाद आपल्या शेजारच्या तेलंगणातलं, असं अगदी होऊ शकतं.

दुसरी रीत पीळ देण्याची. लोखंड आणि पोलादाच्या सळ्या एकत्र पिळायच्या, शेजारी शेजारी ठेवायच्या आणि ठोकून एकजीव करायच्या. अशा पात्यावर लांबीच्या दिशेने पिळाचे पट्टे दिसतात, रिबिनी ठेवल्यासारखे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उस्मानी कारागिरांनी हे काम फार सफाईने केलं. असे पट्टे आणि जोडीला टी-पाठ दिसली, तर पातं उस्मानी असण्याची शक्यता भक्कम होते.

नक्षी नसलेली, साध्या पोलादाची पातीही भरपूर आहेत आणि त्यांतली बरीच युरोपीय. धावत्या लांडग्याचा ठसा जर्मनीतल्या पासाऊ आणि झोलिंगेनच्या पात्यांवर असे. तो इतका लोकप्रिय झाला की कॉकेशसमधले लोहारही आपल्या पात्यांवर लांडगा कोरू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उस्मानी सैन्याधिकाऱ्यांच्या तलवारींची पाती तर सरळ जर्मन कारखान्यांतून बनून येत. तिथे ‘कोणी बनवली’चं उत्तर मुठीजवळच्या ठशात वाचायला मिळतं, आणि ते ऐकून ‘सुलतानाच्या कारागिराची तलवार’ घेऊन बसलेल्या माणसाचा चेहरा पडतो.

आता लेख. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पात्यावरचा बराचसा अरबी मजकूर कारागिराबद्दल काहीच सांगत नाही. तो कुराणातला असतो. ‘अल्लाहची मदत आणि जवळ आलेला विजय’ ही ओळ फार वेळा दिसते. ‘अलीसारखा वीर नाही, झुल्फिकारसारखी तलवार नाही’ हे कुराणाबाहेरचं वचनही नेहमीचं; अली म्हणजे पैगंबरांचे जावई, झुल्फिकार त्यांची तलवार. गुहेत शतकानुशतकं झोपून राहिलेल्या सात जणांची आणि त्यांच्या कित्मीर नावाच्या कुत्र्याची नावं उस्मानी पात्यांवर रक्षणासाठी कोरत. अरबी लिपी अर्धवट येणाऱ्या माणसाला या नावांत कारागीर ‘सापडतो’. तसंच चार खणांचा एक छोटा चौकोन दिसतो, त्यात चार अक्षरं किंवा २, ४, ६, ८ हे आकडे असतात. तो बुदूह नावाचा ताईत आहे. त्यातून साल काढू नये.

खरं नाव असेल तर त्याआधी बहुधा ‘अमल’ हा शब्द येतो, म्हणजे अमक्याचं काम. ‘साहिब’ असेल तर पुढचं नाव मालकाचं. हा एवढा फरक न कळल्यामुळे कितीतरी मालक विक्रीच्या वर्णनांत लोहार होऊन बसले आहेत.

याचा उत्तम धडा तलवारीवर नाही, तोफेवर मिळतो आणि तो आपल्या जवळच आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली. तिच्यावर निजामशहाचं नाव आणि हिजरी ९५६, म्हणजे इ.स. १५४९, हे साल आहे. वेगळ्या ओळीत ‘मुहम्मद बिन हुसेन रूमी याचं काम’ अशी ओतणाऱ्याची सही आहे. रूमी म्हणजे उस्मानी मुलखातला. आणि तिसरा लेख औरंगजेबाचा आहे, १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यानंतर कोरलेला. करवून घेणारा, करणारा आणि नंतर जिंकून घेणारा, तिघांची नावं एकाच तोफेवर. नुसतं तिसरं नाव वाचणारा माणूस ही तोफ मुघल ठरवून घरी जाईल.

सहीवाल्या पात्यांत सगळ्यात प्रसिद्ध नाव असदुल्ला इस्फहानी. इराणच्या पहिल्या शहा अब्बासचा हा लोहार मानला जातो. शहाची कारकीर्द १५८७ ते १६२९. पण असदुल्लाच्या सहीची पाती इतकी आहेत आणि त्यांच्या काळाचा पसारा इतका मोठा आहे की ती एका माणसाच्या हातची असणं शक्यच नाही. हे नाव गुणवत्तेचा शिक्का झालं होतं, आणि तो शिक्का इराणात, उस्मानी मुलखात, हिंदुस्थानातही उमटवला गेला. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा ठरत नाही, इतका हा सरळ मामला आहे. असदुल्लाची सही दिसली की माझा तरी त्या तलवारीवरचा विश्वास वाढत नाही, आणि विकणाऱ्याने त्या सहीवर किंमत वाढवली असेल तर कमीच होतो.

याच्या उलट उदाहरण अहमद तेकेलू याचं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सुलतान सुलेमानचा एक यातागान आहे. त्यावर अहमद तेकेलूची सही आहे आणि हिजरी ९३३, म्हणजे १५२६-२७, हे साल आहे. पात्यावर सोन्यात घडवलेले ड्रॅगन आणि पौराणिक पक्षी यांची झुंज आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याच्या जोडीचा म्हणावा असा दुसरा यातागान आहे. नक्षी, सोनं बसवण्याची रीत, घाट सगळं इतकं जुळतं की संग्रहालयाने तो अहमद तेकेलूच्या कारखान्यातला ठरवला. ‘कारखान्यातला’ हा शब्द जाणूनबुजून वापरलेला असतो. सही असलेल्या एका वस्तूवरून दुसरीचा माग काढला, इतकंच त्यातून कळतं. बनवणारा ओळखण्याची सगळ्यात भरवशाची रीत हीच, आणि तिला आधी एक पक्का नमुना लागतो.

सालाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हे घरबसल्या जमण्यासारखं आहे. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्याला शून्य वाटणारं वर्तुळ म्हणजे पाच. इंग्रजी सातसारखा दिसणारा आकडा सहा असतो. सात हा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आठ हा उलट्या व्हीसारखा. गंजात ठिपका हरवला तर हजाराचा घोळ होतो, आणि उस्मानी लोक कधी कधी हजाराचा आकडा मुद्दामच गाळत, म्हणजे १२०३ ऐवजी नुसतं २०३. साल हिजरी असतं. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सरळ ६२२ मिळवून चालत नाही. सालाला ३३ ने भागा, येईल तेवढं त्यातूनच वजा करा आणि मग ६२२ मिळवा. १२२३ घ्या: भागाकार ३७, वजा केल्यावर ११८६, आणि ६२२ मिळवल्यावर १८०८. वर्षभर इकडे तिकडे होतं, पण बाकी चोख.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक फाटा फुटतो. १८४० पासून उस्मानी सरकारी कारभारात रूमी सन चालू झाला. तो सौर असल्याने त्यात सरळ ५८४ मिळवायचे. शतकाच्या शेवटी रूमी आणि हिजरी सालांत एक-दोन वर्षांचं अंतर पडलेलं असतं. सुहूर आणि फसली सन जुळवताना मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकांना जी डोकेदुखी होते, तिचीच ही चुलत बहीण.

मूठ आणि म्यानाकडे वळलं की नशिबाने कधी कधी फार नेमकं उत्तर मिळतं. उस्मानी किलिचची मूठ पिस्तुलाच्या दांड्यासारखी पुढे वळलेली असते. तिच्यावर शिंग, हस्तिदंत किंवा वॉलरसचा दात बसवलेला असतो. गेंड्याच्या शिंगाला फार मान होता. ते खरं असेल तर भिंगातून समांतर तंतू दिसतात आणि पातळ कडेला उजेड धरला की मधासारखा रंग झिरपतो. मात्र अशी वस्तू देशाबाहेरून आणण्यावर किंवा बाहेर नेण्यावर वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत, हे खरेदीआधी ध्यानात ठेवावं.

मुठीखालची आडवी पट्टी आणि म्यानावरचे साज चांदीचे असतील तर भिंग घेऊन ठसे शोधा. उस्मानी चांदीवर तपासणीचा शिक्का म्हणून त्या वेळच्या सुलतानाचा तुघ्रा उमटवत. तुघ्रा म्हणजे सुलतानाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि ‘सदा विजयी’ हे बिरुद एकात एक गुंफून केलेली मुद्रा. त्यात वर तीन उभ्या दांड्या आणि डावीकडे मोठी वळणं दिसतात. सुलतान बदलला की तुघ्रा बदलतो. दुसऱ्या महमूदच्या (१८०८–१८३९) तुघ्र्याशेजारी ‘अदली’ हे त्याचं टोपणनाव येतं, दुसऱ्या अब्दुल हमीदच्या (१८७६–१९०९) शेजारी ‘अल-गाझी’. चांदीवरचा शिक्का वाचता आला तर चांदीचा काळ वीस-तीस वर्षांच्या टप्प्यात बसतो. लक्षात घ्या, चांदीचा. पातं त्याच्या दीडशे वर्षं आधीचं असू शकतं.

पात्यावर सोन्यात मोठा तुघ्रा असेल तर तलवार सुलतानाची होती असा दावा हमखास ऐकू येतो. तुघ्रा नाण्यांवर, फर्मानांवर, इमारतींवर सगळीकडे होता. त्यातून फार तर कारकीर्द कळते. तसाच इस्तंबूलच्या शस्त्रागाराचा ठसा. १४५३ नंतर आया इरिनी हे बायझंटाइन चर्च शस्त्रागार म्हणून वापरात आलं आणि तिथल्या शस्त्रांवर कायी टोळीचं चिन्ह उमटवलेलं असे. उस्मानी घराणं आपलं मूळ याच टोळीत सांगे. लुटीत आलेल्या मामलुक, इराणी आणि युरोपीय शस्त्रांवरही तेच चिन्ह आहे. वस्तू कुठे ठेवली होती ते त्यातून कळतं. बनवली कुठे, हे नाही.

सोनं खरोखर जुनं आहे का, हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. स्वस्त कामात पोलादावर आडव्यातिडव्या रेघा ओरखडून त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकतात. आपल्याकडे याला कोफ्तगिरी म्हणतात. भिंगातून गंजाचे खड्डे शोधा. गंजाने सोनं खाल्लेलं दिसलं तर सोनं आधीचं. सोनं गंजाच्या खड्ड्यात उतरलेलं दिसलं तर आधी गंज चढला, मग सोनं आलं. एकोणिसाव्या शतकात कैरो आणि दमास्कसच्या बाजारांत युरोपीय प्रवाशांसाठी जुन्या पात्यांना असा नवा साज चढवण्याचा धंदा चांगला चालायचा, आणि आजही चालतो. आता तर साध्या पोलादावर आम्लाने लाटांची नक्षीही उमटवून मिळते. अशी नक्षी वरवरची असते. पाठीवर, धारेजवळ आणि खोबणीच्या आत ती एकसारखी पोचत नाही.

म्हणून हातात आलेली तलवार कधीही घासू नये. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर, काही नको. घरातली पितळी भांडी लखलखवणारे हात इथे दोनशे वर्षांचा पुरावा दहा मिनिटांत धुऊन टाकतात. कोरडा मऊ कपडा आणि पात्याला किंचित तेल, बस्स. फोटो काढायचे तर अख्ख्या तलवारीचा, पाठीचा, यल्मानचा, मुठीच्या सांध्याचा, म्यानाच्या दोन्ही बाजूंचा, आणि प्रत्येक लेखाचा तिरप्या उजेडात. पाठीचा फोटो लोक विसरतात आणि टी-आकार नेमका तिथेच दिसतो.

एवढं सगळं केल्यावर हाती येणारं उत्तर साधारण असं असतं: ‘पातं इराणी, अठरावं शतक, मूठ आणि म्यान उस्मानी, दुसऱ्या महमूदची कारकीर्द, सोनेरी लेख नंतरचा, कारागीर अज्ञात.’ यात निराश होण्यासारखं काही नाही. बहुतेक संग्रहालयांच्या पाट्याही अशाच असतात. लिलावाच्या यादीत कारागिराचं नाव, शहर आणि साल तिन्ही ठामपणे छापलेलं दिसलं, तर ते कशावरून, हे विचारायचा हक्क घेणाऱ्याला आहे.

तुलनेसाठी नमुने पाहायचे तर तोपकापी आणि इस्तंबूलचं लष्करी संग्रहालय आहेच. पण मला जर्मनीतल्या कार्ल्सरुहचा संग्रह जास्त उपयोगी वाटतो. तिथल्या बाडेन संस्थानचा शासक लुडविग विल्हेल्म १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यानंतर काही वर्षं उस्मानी फौजांशी लढला. त्या युद्धांत मिळालेली शस्त्रं त्याच्या घराण्याने सांभाळली. ड्रेस्डेनलाही सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांचा मोठा उस्मानी संग्रह आहे. कार्ल्सरुहच्या बहुतेक वस्तू सतराव्या शतकातच उस्मानी बाजारातून बाहेर पडल्या आणि राजघराण्याच्या कोठ्यांत गेल्या. त्यामुळे पुढच्या शतकांतल्या मुठी, चांदी आणि सोनं त्यांच्यावर चढायला फारसा वावच राहिला नाही.